तिकडे घोषणा, इकडे पडझड: मुलीच्या जर्मनीच्या पैशांचं काय करू?

एरंडवण्याची_आई | ७ एप्रिल २०२५, रात्री ८.०५

नमस्कार. एरवी मी इथे पाककृती आणि बागकाम एवढंच वाचते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण सकाळपासून जिवाला चैन नाही.

लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचंय. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात दोन वर्षं जर्मन शिकली, स्वतःच्या हिमतीवर. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसल्यातच जमा असते. पण व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातूनच महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात येणार.

ती आठवीत असल्यापासून हे पैसे आम्ही निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी जेवढा हलेल तेवढ्याच हलणाऱ्या फंडात, साठवत आलो. २ एप्रिलला बारा लाख झाले होते, मी वहीत लिहून ठेवलंय. त्याच रात्री ट्रम्प यांनी टॅरिफचा, म्हणजे आयात शुल्काचा, तक्ता दाखवला, भारताला २६ टक्के. आज सकाळी सेन्सेक्स चार हजारांच्या जवळपास खाली गेला आणि बंद होताना २,२२७ अंकांनी पडलेला होता. निफ्टी २२,१६१. हिशेब केला तर पाच दिवसांत माझे साठ हजार गेले.

आमच्या घरात कुणाचा अमेरिकेशी धंदा नाही. मग वॉशिंग्टनमधल्या एका भाषणाने माझ्या मुलीचे पैसे का कमी व्हावेत? आणि उद्या उठून सगळं काढून घेऊ का? ह्यांचं म्हणणं थांब, दीर म्हणतात आजच काढायला हवे होते.

---

हिंजवडी_फेज_२ | ७ एप्रिल, रात्री ८.३२

ताई, आज रात्री काहीही ठरवू नका. तासाभरापूर्वी अमेरिकेचा बाजार उघडल्यावर काय झालं ते सांगतो. टॅरिफ ९० दिवस पुढे ढकलणार अशी एक ओळ कुठूनतरी पसरली. चार टक्के खाली असलेला एस अँड पी (तिथला निर्देशांक) काही मिनिटांत तीन टक्क्यांहून जास्त वर गेला. मग व्हाइट हाउसने बातमी खोटी असल्याचं सांगितलं आणि तो पुन्हा खाली आला. जगातला सगळ्यात मोठा बाजार एका खोट्या ओळीवर असा हलत असेल, तर आजच्या आकड्याला किंमत म्हणायचं कसं?

शिवाय फंडाचं गणित वेगळं असतं. दुपारी तीनच्या आत विक्री टाकली तर त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, मिळते. आत्ता रात्री बटण दाबलंत तरी भाव उद्याचाच लागणार, आणि तो उद्या संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नसतो.

---

वारजे_पूल | ७ एप्रिल, रात्री ९.१८

ताई, तुमच्या दिरांना माझी गोष्ट सांगा. चारचौघांत ती मी फारशी सांगत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२, गुरुवार, महिन्याची एक्स्पायरी, म्हणजे सौद्यांची मुदत संपायचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी १७,०६३ ला बंद झाला होता. मी १६,८०० चे पुट विकून ठेवले होते, दहा लॉट (ठरावीक नगांचे गठ्ठे). म्हणजे निफ्टी १६,८०० च्या खाली गेला तर फरक मी भरायचा. त्याबदल्यात लॉटमागे हजार-दीड हजार प्रीमियम मिळणार होता. ज्या टेलिग्राम चॅनेलवर मी होतो तिथे म्हणत होते की रशिया नुसती धमकी देतोय, युद्ध होणार नाही, प्रीमियम खिशात घाला.

सकाळी साडेआठच्या सुमारास पुतीन यांचं भाषण आणि हल्ल्याची बातमी आली. सव्वानऊला बाजार उघडला तोच कोसळून. सुटायला वाट नव्हती. निफ्टी ८१५ अंकांनी पडून १६,२४८ ला बंद झाला. लॉटमागे साडेसत्तावीस हजार, म्हणजे दहा लॉटचे पावणेतीन लाख. बायकोला सांगायला मला चार दिवस लागले.

दुसऱ्याच दिवशी निफ्टी ४१० अंक वर आला. इंडेक्स फंड असता तर मी वाट पाहिली असती. एक्स्पायरी थांबत नाही. नंतर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अभ्यास वाचला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ सामान्य लोकांना तोटा झाला, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्या ९३ मध्ये मी आहे. ऑप्शन्स त्या दिवसापासून बंद केले.

---

डेक्कन_वाचक | ७ एप्रिल, रात्री ९.४०

वारजे, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. धागा वाचतेय.

---

कुमठेकर_रोड | ७ एप्रिल, रात्री १०.५५

मी सत्तरीचा आहे. सदाशिव पेठेत पुणे स्टॉक एक्स्चेंज होतं हे आता कित्येकांना ठाऊकही नसेल. १९८२ साली सुरू झालं आणि २०१५ मध्ये सेबीच्या आदेशाने बंद झालं. तिथे मी एका दलालाकडे नोकरीला होतो. शेअर कागदाचे, सौदे तोंडी, मुंबईचा भाव फोनवरून. परदेशातली बातमी आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायची.

२५ जुलै १९९० ला सेन्सेक्स पहिल्यांदा हजाराच्या वर बंद झाला. आम्ही पेढे वाटले. आठवड्याभरात, २ ऑगस्टला, इराकने कुवेत घेतलं. तेव्हा बाजार पडलाच नाही. उलट ऑक्टोबरपर्यंत चढत राहिला. सगळे म्हणत होते, कुवेत कुठे, कुमठेकर रस्ता कुठे. तिकडे तेलाचा पिंप वीसच्या आसपासवरून चाळीस डॉलरवर गेला होता, आखातातली आपली माणसं घरदार सोडून परत येत होती, त्यांच्याकडून येणारा पैसा आटत होता. हे सगळं दिसत होतं, पण आकड्यात उतरलं नव्हतं. मग उतरलं. जानेवारी १९९१ मध्ये सेन्सेक्स हजाराच्या खाली होता, आणि उन्हाळ्यात देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. सोनं विमानाने लंडनला गेलं ते त्याच वर्षी, ४७ टन.

आणि उलटी बाजू बघा. १७ जानेवारी १९९१ ला अमेरिकेने बगदादवर बाँब टाकायला सुरुवात केली. तेल भडकेल म्हणून सगळे धास्तावलेले. पण एका दिवसात ते जवळपास एक तृतीयांशाने उतरलं आणि अमेरिकेचा डाऊ निर्देशांक साडेचार टक्के वर गेला. जोवर काय होणार हे माहीत नसतं तोवर बाजार घाबरतो. युद्ध सुरू झालं म्हणजे निदान ते प्रश्नचिन्ह जातं.

२०१६ तर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला तो निकाल २४ जूनला आला. सेन्सेक्स ६०५ ने पडला, टाटा मोटर्स आठ टक्क्यांच्या आसपास, कारण त्यांची जग्वार लँड रोव्हर तिकडची. आदल्या दिवशी सेन्सेक्स २७,००२ होता. ३० जूनला २६,९९९. आठवडाभर लोकांनी डोक्याला हात लावला तो तीन अंकांसाठी.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला आदल्या रात्रीची नोटबंदी आणि सकाळी ट्रम्प निवडून येतायत अशी मोजणी, दोन्ही एकदम. उघडताना सेन्सेक्स सतराशेच्या जवळपास खाली, बंद होताना फक्त ३३९ ने खाली. ताई, पन्नास वर्षं बघतोय. राजकारणाने पडलेला बाजार परत येतो. थांबा.

---

अर्थ_शिकवते | ८ एप्रिल, सकाळी ७.२०

काकांचा अनुभव मोठा आहे, १९९०-९१ ची आठवण तर माझ्या वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. पण शेवटच्या दोन वाक्यांशी मी सहमत नाही, आणि ते इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण ताईंचे पैसे खरे आहेत.

आधी ताईंचा प्रश्न. भाषणाचा आणि तुमच्या फंडाचा संबंध काय? निफ्टी म्हणजे पन्नास कंपन्यांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या नफ्याची आज लावलेली किंमत. परदेशातलं राजकारण त्या नफ्यापर्यंत मुख्यतः तेल, डॉलर आणि व्याजदर यांच्या मार्गे पोहोचतं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. ते महागलं की रुपया, महागाई आणि कंपन्यांचा खर्च एकदम बिघडतात. डॉलर वधारला की परदेशी संस्था इथून पैसा काढून अमेरिकेच्या सरकारी कर्जरोख्यांत ठेवतात. व्याजदर चढला की दहा वर्षांनी मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत घटते. चौथा मार्ग थेट मालाचा, तो टॅरिफचा.

आता काल हाँगकाँग १३ टक्के पडलं, १९९७ नंतरची सगळ्यात मोठी पडझड. जपान पावणेआठ टक्के. आपण सव्वातीन. का? तेल २ एप्रिलपासून ७५ वरून ६४ डॉलरच्या आसपास आलंय, म्हणजे आपल्या बाबतीत एक मार्ग उलट मदत करतोय. आणि चीन-तैवानइतकी आपली अर्थव्यवस्था अमेरिकेला माल विकण्यावर उभी नाही. त्यात दरमहा एसआयपीतून येणारा पैसा. कालची पडझड मुख्यतः जगभरची भीती होती.

म्हणून कुठलीही बातमी आली की मी आधी तेलाचा भाव बघते. केनेडींची हत्या झाली तेव्हा डाऊ २.९ टक्के पडला आणि पुढच्याच सत्रात साडेचार टक्के चढला. अमेरिका हादरली होती, पण कंपन्यांचा खर्च तोच होता. १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध तीन आठवड्यांत संपलं. पण तेल तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेलं ते परत आलंच नाही. अमेरिकन बाजार १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत जवळपास निम्म्यावर आला.

आणि काका, “परत येतो” हे आपण जे बाजार टिकले त्यांच्याबद्दलच म्हणतो. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर मॉस्कोचा शेअर बाजार जवळपास महिनाभर बंद होता. परदेशी गुंतवणूकदारांचे तिथले शेअर अडकले ते अडकलेच. मोठ्या जागतिक निर्देशांकातून रशिया काढला गेला तो जवळपास शून्य भावाने. सेंट पीटर्सबर्गचा बाजार १९१७ ला बंद पडला, शांघायचा १९४९ ला. ती माणसंही थांबलीच होती.

---

कुमठेकर_रोड | ८ एप्रिल, सकाळी ९.०२

बाई, हे मी मान्य करतो. रशियाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण भारतात बसून निफ्टी धरणाऱ्या माणसाला मॉस्कोचं उदाहरण देऊन घाबरवणंही बरोबर नाही. १९९९ मध्ये कारगिलला आपली माणसं लढत होती, दारात युद्ध होतं, आणि मे ते जुलै बाजार चढला.

---

अर्थ_शिकवते | ८ एप्रिल, सकाळी ९.४४

घाबरवायचं नाही, काका. तुमचं “थांबा” ज्याला थांबणं शक्य आहे त्याच्यासाठी खरं आहे. वारजे यांना शक्य नव्हतं. ताईंना किती शक्य आहे हे त्यांच्या तारखेवर ठरेल. युक्रेनचंच पुढे बघा. ८ मार्च २०२२ ला निफ्टीने तळ गाठला, ४ एप्रिलला तो १८,००० च्या वर होता. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. पण जूनच्या मध्यात तो १५,३०० च्या खाली बंद झाला, युद्धाच्या तळापेक्षाही खाली. युद्धाने महाग केलेलं तेल आणि धान्य अमेरिकेच्या महागाईत मिसळलं, फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दर चढवले, आणि तोच धक्का तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या दाराने आत आला. ज्याला पैसे जूनमध्ये लागणार होते त्याने एप्रिलमध्ये काय करायला हवं होतं?

ताई, व्हिसासाठी पैसे नक्की कधी भरायचे आहेत?

---

एरंडवण्याची_आई | ८ एप्रिल, दुपारी ४.१०

प्रवेशाचं पत्र मे महिन्यात अपेक्षित आहे, ते आलं की लगेच. आज विकलं नाही. सेन्सेक्स हजाराने वर आला. जरा श्वास घेतला.

---

हिंजवडी_फेज_२ | १० एप्रिल, सकाळी ८.१५

आज महावीर जयंती, आपला बाजार बंद. रात्री खरोखरच ९० दिवसांची स्थगिती जाहीर झाली. एस अँड पी एका दिवसात साडेनऊ टक्के वर! सोमवारी जी बातमी खोटी होती ती बुधवारी खरी ठरली.

मला वाटतं शेअर पडल्यामुळे ट्रम्प मागे हटले नाहीत. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा व्याजदर गेल्या शुक्रवारी चार टक्क्यांच्या खाली होता, तो काल साडेचारपर्यंत चढला. संकटात लोक हे रोखे विकत घेतात. यावेळी विकत होते. सरकारला स्वतःचं कर्ज महाग पडायला लागलं. पुढे कधीही असं झालं की मी सेन्सेक्सच्या आधी तो आकडा बघणार.

---

भोसरी_लेथ | ११ एप्रिल, रात्री १०.२०

धागा आज पाहिला. माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, चौदा माणसं. आम्ही जे पार्ट करतो ते दोन हातांपलीकडे जाऊन निर्यातीच्या गाड्यांत बसतात. अमेरिकेने गाड्यांवर ३ एप्रिलपासून २५ टक्के लावले, पार्टवर ३ मेपासून लागणार आहेत. जग्वार लँड रोव्हरने एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणं थांबवलंय. शेअर बाजाराला हे एका सकाळी कळतं. मला पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमधून कळणार. स्थगिती मिळाली ती देशांवरच्या टॅरिफला, गाड्यांच्या २५ टक्क्यांना नाही. म्हणजे आज सेन्सेक्स तेराशेने वर असला तरी माझ्या शेडमध्ये काही बदललेलं नाही. माणसं विचारतात, शेठ ओव्हरटाइम आहे का, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पण लिहायला बसलो ते ताईंसाठी. मी कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची पाती, जर्मनीहून मागवतो, बिल युरोत येतं. २ एप्रिलला युरो ९२-९३ रुपये होता. आज ९७ च्या वर आहे. नऊ दिवसांत पाच रुपये! मला वाटलं होतं, जगात गोंधळ म्हणजे डॉलर चढणार. यावेळी लोक डॉलरमधूनच बाहेर पडले आणि युरोत गेले.

ताई, तुम्ही रोज निफ्टी बघताय. तुम्हाला विकत काय घ्यायचंय? युरो. ११,९०४ गुणिले पाच करून बघा.

---

एरंडवण्याची_आई | ११ एप्रिल, रात्री ११.०५

५९,५२०.

हे वाचल्यावर मी दहा मिनिटं नुसती बसून होते. निफ्टीत साठ हजार गेले म्हणून पाच दिवस जेवण गेलं नाही. तेवढेच दुसऱ्या दाराने गेले आणि मला पत्ताच नव्हता. घरात कुणीच युरोचा भाव बघितला नव्हता. लेकीने सुद्धा नाही.

दादा, तुम्ही स्वतः काळजीत असताना माझ्यासाठी हे लिहिलंत.

---

अर्थ_शिकवते | १२ एप्रिल, सकाळी ६.५०

भोसरी, ही गोष्ट मला दिसायला हवी होती, नाही दिसली. मी तेल, डॉलर, व्याज असं शिकवत बसले आणि ताईंचा खर्च कोणत्या चलनात आहे हे विचारलंच नाही.

ताई, आता तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. महिन्याभरात लागणारा पैसा शेअरमध्ये का असावा, हा पहिला. त्याला माझं उत्तर आहे: नसावा, आणि ट्रम्प नसते तरी नसावा. दुसरा युरोचा. तो चढेल की उतरेल हे कुणीही सांगू शकत नाही. त्यामुळे पत्र आलं की त्या दिवशीचा दर घ्या, वाट बघत बसू नका.

---

हिंजवडी_फेज_२ | १५ एप्रिल, संध्याकाळी ५.००

निफ्टी २३,३२८. २ एप्रिलला किती होता? २३,३३२. चार अंक कमी. सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी नसती तर कदाचित एक दिवस आधीच झालं असतं. काका, तुमच्या तीन अंकांच्या जोडीला हे चार.

ताई, माझं ऐकाल तर आता विकू नका. स्थगिती आहे, तेल स्वस्त आहे, गेल्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे बँकांना कर्ज द्यायचा दर, सहा टक्क्यांवर आणलाय. अजून चढेल.

---

एरंडवण्याची_आई | १६ एप्रिल, दुपारी २.३५

आत्ता विक्री टाकली, तीनच्या आत. सगळे बारा लाख. पैसे लिक्विड फंडात ठेवणार, त्यात शेअर नसतात.

हिंजवडी, तुम्ही म्हणता तसं चढेलही. पण माझी वही उघडली, आकडा पुन्हा बारा लाख दिसला, आणि मला वाटलं की ही संधी मी परत मागणार नाही. सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागेल तो सीएकडून समजून घेतलाय. दीर पुन्हा रागावलेत, यावेळी का विकलं म्हणून.

---

वारजे_पूल | १६ एप्रिल, दुपारी ३.०४

ताई, बरोबर केलंत. दिरांना माझा नमस्कार.

---

कुमठेकर_रोड | १३ जून, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. आज इस्रायलने इराणवर हल्ला केला. तेल एका दिवसात सात टक्क्यांच्या वर, सेन्सेक्स ५७३ ने खाली. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. ती बंद झाली तर १९९० पेक्षा वाईट होईल. बाईंचं ऐकून यावेळी मी सेन्सेक्स बाजूला ठेवून तेलच बघणार आहे.

---

कुमठेकर_रोड | २४ जून, रात्री ८.१०

युद्धबंदी. तेल पुन्हा ७० च्या खाली, म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशी होतं तिथे. सामुद्रधुनी उघडीच राहिली. सेन्सेक्स ८२,०५५, युद्धाच्या पहिल्या दिवसापेक्षा वर. दारावर टकटक झाली, कुणी आत आलं नाही.

ताई, लेकीचं काय झालं?

---

एरंडवण्याची_आई | २५ जून, सकाळी ११.२०

काका, तुम्ही आठवण ठेवलीत!

पत्र मेच्या मध्यावर आलं. त्या आठवड्यात युरो थोडा उतरून ९५ च्या आसपास होता. बँकेचा दर त्याहून चढा, आम्हाला ९६ च्या वर पडला. तरी साडेअकरा लाखांच्या आत काम झालं. तो उतरेल हे मला माहीत नव्हतं, नशिबाने झालं. आज तो ९९-१०० च्या घरात आहे.

आणि हेही लिहायला हवं: मेच्या मध्यावर निफ्टी २५,००० ला होता. थांबले असते तर ऐंशी हजार जास्त मिळाले असते. वाईट वाटलं. पण मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या सीमेवर काय चाललं होतं ते आठवा. ९ मेला सेन्सेक्स ८८० ने पडला आणि १२ मेला २,९७५ ने चढला. पैसे फंडात असते तर त्या रात्री मी सीमेवरच्या बातम्या बघताना लेकीच्या व्हिसाचा हिशेब करत बसले असते. ते मला नको होतं.

भोसरी दादा, तुमच्याकडे कसं आहे?

---

भोसरी_लेथ | २६ जून, रात्री १०.४५

जूनचं शेड्यूल कमी आलं. माणूस एकही कमी केला नाही, ओव्हरटाइम बंद आहे. एका ट्रॅक्टरवाल्यांचं देशातलं काम मिळतंय, डायमेन्शन सोपं आहे, पैसे कमी आहेत. इन्सर्टची ऑर्डर तीन महिन्यांची एकदम दिली, युरो अजून चढायच्या आत. ताई, तुमचं काम झालं हे वाचून बरं वाटलं.

---

हिंजवडी_फेज_२ | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

आज माझी पाळी. शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. शनिवारी आमच्या ग्रुपवर लोक अमेरिकेला परतायची तिकिटं शोधत होते, सुट्टीवर पुण्यात आलेली माणसं. रविवारी खुलासा आला की ते फक्त नव्या अर्जांना, एकदाच. तरी आज निफ्टी आयटी तीन टक्क्यांच्या आसपास पडला.

माझा पगार आयटीत, कंपनीचे शेअर आयटीत, आणि फंड घेतला होता तोही आयटीचाच. एप्रिलमध्ये ताईंना सल्ला देत होतो. आज वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की वॉशिंग्टनमधली एक सही माझ्या तिन्ही खिशांत एकदम हात घालू शकते. फंड बदलतोय, बाकी दोन लगेच बदलणं शक्य नाही. ऑनसाइटचा, म्हणजे कामासाठी अमेरिकेला जायचा, माझा नंबर जानेवारीत होता.

---

एरंडवण्याची_आई | २३ सप्टेंबर, सकाळी १०.०५

जानेवारीपर्यंत वेळ आहे, तोवर खुलासे येतील. एप्रिलमध्ये “आज रात्री काहीही ठरवू नका” असं मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं.

लेक पोहोचली. युरो आज १०४ ला आहे, दुसऱ्या वर्षाचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे एफडीत टाकतेय आणि भाव शनिवारी एकदाच बघते. काल तिच्या खात्यात पहिले ९९२ युरो आले. त्यातून तिने एक जुनी सायकल घेतली, निळी, पुढे टोपली असलेली. फोटो पाठवलाय, मागे पाऊस पडतोय.